गाडीचं तेल घरी बदलताना

न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडायचा प्रसंग सहसा येत नाही. १९४९ सालापासून इथे गॅस स्वतः भरायला कायद्याने बंदी आहे. आपण काच खाली करतो, कार्ड पुढे करतो आणि बसून राहतो. पूर्वी गॅस भरणारा काच पुसायचा, तेलाची पट्टीही बघायचा, असं इथले जुने लोक सांगतात. आताचा माणूस नळी लावतो आणि पुढच्या गाडीकडे जातो. राज्याच्या तपासणीवर विसंबावं, तर १ ऑगस्ट २०१० पासून खासगी गाड्यांचे ब्रेक, टायर, स्टिअरिंग तपासणं बंद झालं आहे. इन्स्पेक्शन स्टेशनात आता मुख्यतः एमिशन पाहतात. म्हणजे तेल बदलायच्या निमित्ताने गाडी दुकानात गेली तरच कोणाची तरी नजर तिच्या पोटाखाली जाते, आणि तीही घाईघाईने.

गेली बरीच वर्षं वेस्ट विंडसरच्या आमच्या घरी दोन्ही गाड्यांचं तेल मी ड्राइव्हवेवर बदलतो. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हा विषय निघाला की दोन प्रश्न ठरलेले असतात: "पैसे किती वाचतात हो?" आणि "मला जमेल का?" दोन्हींची उत्तरं एकदा लिहूनच काढावीत, असं ठरवलं.

आपल्यापैकी जे चेतक किंवा प्रिया स्कूटरवर वाढले, त्यांच्या डोक्यात तेलाचा हिशेब जरा वेगळा बसलेला असतो. त्या काळच्या त्या स्कूटरी टू-स्ट्रोक होत्या. पंपावर पेट्रोलबरोबर मापाने तेल घालायचं आणि ते पेट्रोलबरोबरच जळून निळ्या धुरातून निघून जायचं. इंजिनाचं तेल 'बदलणं' हा प्रकारच नव्हता, ते 'टाकायचं' असे. गिअरबॉक्सचं तेल सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिक बदलायचा, पण ते आपल्या डोळ्यांआड. मोटारीचं फोर-स्ट्रोक इंजिन निराळं. त्यातलं तेल जळायचं नसतं. खालच्या तसराळ्यात साठलेलं तेल पंप वर ओढतो, फिल्टरमधून गाळतो, बेअरिंगपर्यंत पोचवतो, आणि ते पुन्हा खाली येऊन पडतं. हे तेच ते तेल हजारो मैल फिरत असतं. ते नुसतं वंगण नव्हे. पिस्टनची उष्णता ते वाहून नेतं, काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवतं, गंज थांबवतं. ही कामं करणारी रसायनं त्यात मिसळलेली असतात आणि ती हळूहळू संपतात. तेल काळं दिसलं म्हणजे वाईट झालं असं नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. ते कधी संपलं, हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर मैलांचा आणि महिन्यांचा हिशेब ठेवायचा.

यातल्या महिन्यांकडे आपल्या गावात विशेष लक्ष द्यायला हवं. आपल्यापैकी कितीतरी जणांची एक गाडी ही 'स्टेशनची गाडी' असते. सकाळी घरून निघायचं, दोन-तीन मैलांवर प्रिन्स्टन जंक्शनला लावायची, न्यूयॉर्कची गाडी पकडायची, संध्याकाळी तेवढंच अंतर परत. वर्षाला जेमतेम तीन-चार हजार मैल होतात आणि आपल्याला वाटतं, गाडी काहीच वापरली नाही. प्रत्यक्षात इंजिनाच्या दृष्टीने हा फार वाईट वापर आहे. इंधन जळताना पाणी तयार होतं. इंजिन पुरतं तापलं तर त्याची वाफ निघून जाते. जानेवारीत दोन मैलांत इंजिन तापतच नाही. पाणी आणि न जळलेलं थोडं पेट्रोल तेलात उतरतं आणि तिथेच राहतं. तेल पातळ होतं, हळूहळू गाळ धरतो. दर रविवारी एडिसनला किंवा ब्रिजवॉटरच्या देवळात जाणारी गाडी वर्षाला बारा हजार मैल पळूनही जास्त सुखात असते.

तीन महिने किंवा ३,००० मैल हा जुना नियम आता बहुतेक गाड्यांना लागू नाही. सिंथेटिक ०-डब्ल्यू-२० तेल लागणाऱ्या अनेक टोयोटांच्या पुस्तिकेत १०,००० मैल किंवा १२ महिने असं लिहिलेलं असतं; पण त्याच पुस्तिकेत, कडाक्याच्या थंडीत वारंवार छोट्या फेऱ्या होत असतील तर ५,००० मैल किंवा सहा महिने, असंही असतं. हा दुसरा परिच्छेद कोणी वाचत नाही. होंडाच्या गाड्या तेलाचं उरलेलं आयुष्य टक्क्यांत दाखवतात, तरी वर्षातून एकदा तेल बदलावंच. दुकानातून काचेवर चिकटवून मिळालेला स्टिकर हा या बाबतीत प्रमाण धरू नये. ग्लव्ह बॉक्समधली पुस्तिका प्रमाण.

तेल कोणतं, हेही तिथेच लिहिलेलं असतं. ०-डब्ल्यू-२० यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं थंडीत तेल लवकर पळतं. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातला दाटपणा सांगतो. पुण्याहून आलेले आमच्याकडचे वडीलधारे डबा हातात घेऊन, "एवढं पातळ? हे काय टिकणार?" असं म्हणाले होते. त्यांच्या काळातल्या फियाट-अँबॅसडरना तिकडच्या उन्हात दाट तेलच लागे. आजच्या इंजिनातल्या फटी, पंप, व्हॉल्व्हची यंत्रणा हे सगळं पातळ तेल धरूनच बनवलेलं असतं, तेव्हा आपलं शहाणपण चालवू नये. डब्यावर एपीआयचं गोल चिन्ह बघावं. २०२० पासूनचं एसपी किंवा त्यानंतरचं प्रमाण असलं की बहुतेक जपानी आणि अमेरिकन पेट्रोल गाड्यांना ते चालतं. जर्मन गाडी असेल तर तिच्या कंपनीचं स्वतंत्र प्रमाण असतं, ते जुळवून घ्या.

आता पैसे. आमच्या परिसरात चार सिलिंडरच्या गाडीचं सिंथेटिक तेल बदलून घ्यायला ८० ते १०० डॉलर सहज पडतात. घरी केलं तर पाच क्वार्टचा कॅन २५ ते ३० डॉलर, बरा फिल्टर आठ-दहा, ड्रेन बोल्टचं वायसर एखादा डॉलर, म्हणजे चाळिसाच्या आसपास. एका वेळी ४५-५० डॉलर वाचतात. दोन गाड्या, वर्षातून दोनदा, तर १८० ते २०० डॉलर. यातून पहिल्या वर्षी रॅम्पची जोडी, चाकांना लावायची ओट, पाने, फिल्टरचा पाना, तेलाचं टब आणि हातमोजे यांचे दीडशे डॉलर वजा करा. राहतं काय, तर एका वेळच्या सहकुटुंब जेवणाचं बिल. कन्सल्टिंगच्या दराने स्वतःच्या दीड तासाची किंमत लावणाऱ्यांनी या भानगडीत पडूच नये.

मग मी का करतो? पट्टी बघायची सवय लागते म्हणून. गाडी जुनी झाली की इंजिन थोडंथोडं तेल खाऊ लागतं. बहुतेक गाड्यांत पट्टीवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एका क्वार्टचं अंतर असतं. दर दोन हजार मैलांना एक क्वार्ट कमी होत असेल आणि आपण आठ हजार मैल बॉनेट उघडलंच नाही, तर इंजिनात उरतं काय? डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा तेलाचा दाब गेला की लागतो, पातळी थोडी खाली आली की नाही. तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने इथे आल्यावर लाखावर मैल झालेली गाडी घेतली. ती टर्नपाईकवर खडखडू लागली, तेव्हा पट्टी कोरडी होती. दुसरं वापरलेलं इंजिन बसवायला पाच हजारांच्या वर खर्च सांगितला. गाडीची तेवढी किंमतही नव्हती. नव्याने आलेल्या, एकच गाडी असलेल्या घराला हा धक्का केवढा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा तेल घरी बदला किंवा बदलू नका, महिन्यातून एकदा, गाडी सपाट जागी आणि इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झाल्यावर, पट्टी पुसून पुन्हा बुडवून बघा. याला एक पैसा पडत नाही. (काही नव्या गाड्यांत पट्टीच नसते, पातळी पडद्यावर दिसते. ती तरी बघा.)

गाडीखाली शिरलो की आणखीही गोष्टी दिसतात: टायरची आतली कड झिजलेली, चाकाच्या दांड्यावरचं रबर फाटून ग्रीस उडालेलं, इथल्या रस्त्यावरच्या मिठाने ब्रेकच्या नळ्यांना आलेला गंज. दुकानदार सांगतो त्यातलं खरं किती, हे मग स्वतःला कळतं.

वॉरंटीची भीती बऱ्याच जणांना असते. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, तुम्ही तेल बाहेर किंवा घरी बदललं एवढ्याच कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. मात्र तेल वेळेवर आणि योग्य प्रतीचं घातलं होतं, हे दाखवायची पाळी येऊ शकते. तेव्हा तेलाच्या आणि फिल्टरच्या पावत्या एका पाकिटात ठेवा आणि वहीत तारीख, मैल, तेलाचा प्रकार लिहा. गाडी विकताना ही वही घेणाऱ्याच्या हातात दिली की घासाघीस कमी होते, हा अनुभव आहे.

आता कामाकडे वळू, पण आधी एक गोष्ट अगदी निक्षून सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. डोकं नाही, हात नाही, "एकच मिनिट" म्हणूनही नाही. डिकीतला जॅक पंक्चर झालेलं चाक बदलण्यापुरता असतो. तो कलंडतो, आणि हायड्रॉलिक जॅकचं सील गेलं तर तो बसतो. दीड टनाची गाडी छातीवर आली तर शेजारी धावून येईपर्यंत काही उरत नाही. जॅक वापरायचाच असेल तर त्याने गाडी उचलून ती दोन जॅक स्टँडवर, पुस्तिकेत दाखवलेल्या जागी टेकवायची, आणि खाली जाण्यापूर्वी गाडीला चांगला हिसका देऊन बघायचा. नवशिक्यांना माझा सल्ला रॅम्पचा: पुढची दोन चाकं हळूच वर चढवायची, गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट. ड्राइव्हवे उताराचा असेल तर हे काम तिथे नको. जुलैच्या उन्हात डांबर मऊ होतं आणि स्टँडचे पाय रुततात. खाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवावा. घरात कोणाला तरी सांगून जावं आणि मुलांना गाडीत चढू देऊ नये.

इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा. कोमट तेल चटकन वाहतं. हायवेवरून आल्या आल्या मात्र हात घालू नका, तेल आणि एक्झॉस्ट दोन्ही भाजतात. वरचं झाकण उघडून ठेवा. खाली पुठ्ठा अंथरा, त्यावर टब. काही गाड्यांना खाली प्लॅस्टिकचं आवरण असतं, ते किंवा त्याची खिडकी आधी काढावी लागते. ड्रेन बोल्ट टोयोटाला बहुधा १४ मिलिमीटरचा, होंडाला १७ चा. इथे एक चूक फार लोक करतात. इंजिनाऐवजी ट्रान्समिशनचा बोल्ट उघडतात, मग नवं तेल इंजिनात ओततात आणि दोन्हींची वाट लावतात. अनेक होंडांमध्ये ट्रान्समिशनच्या बोल्टला मध्ये चौकोनी खाच असते, इंजिनाच्या बोल्टला षटकोनी डोकं. पहिल्यांदा पुस्तिकेतल्या चित्राशी ताडून बघाच.

बोल्ट पान्याने ढिला करून शेवटचे आटे हाताने काढा, बोल्ट आत दाबून धरत, म्हणजे तेल मनगटावरून कोपरापर्यंत येत नाही. पहिली धार लांब पडते, टब त्या अंदाजाने ठेवा. दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. मग नवं वायसर घालून बोल्ट आधी हाताने बसवा. हाताने सरळ फिरत नसेल तर आटे वाकडे बसताहेत. काढून पुन्हा लावा. शेवटी पान्याने घट्ट करताना भीमाची ताकद नको. तळाचं तसराळं बहुधा ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की चाळीस डॉलरचं काम चारशेवर जातं. बऱ्याच चार सिलिंडरच्या जपानी गाड्यांना ३० फूट-पाउंडच्या आसपास लागतात. पुस्तिकेतला आकडा बघून टॉर्क रेंच वापरलात तर प्रश्नच मिटला.

फिल्टर काढलात की त्याची जुनी रबरी कडी त्याच्याबरोबर आली का, ते बघा. ती इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला, तर गाडी सुरू करताच सगळं तेल रस्त्यावर येतं. नव्या फिल्टरच्या कडीला बोटाने थोडं नवं तेल लावा, हाताने फिरवा, टेकल्यावर आणखी पाऊण फेरा. पान्याची गरज नाही. टोयोटाच्या काही गाड्यांत नुसता कागदी फिल्टर असतो आणि त्याचं झाकण उघडावं लागतं, त्याचं वेगळं हत्यार मिळतं.

नरसाळं लावून पुस्तिकेतल्या मापापेक्षा अर्धा क्वार्ट कमी तेल ओता. झाकण लावा, इंजिन मिनिटभर चालवा, तोवर रॅम्पच्या बाजूने वाकून बोल्टपाशी, फिल्टरपाशी थेंब दिसतोय का ते पाहा. गाडी खाली उतरवून दहा मिनिटांनी पट्टी बघा आणि उरलेलं थोडंथोडं घाला. वरच्या खुणेच्या वर तेल नको; जास्त तेलही इंजिनाला वाईटच. मग डॅशबोर्डवरची आठवण रिसेट करा.

हातांबद्दल दोन शब्द. वापरलेलं तेल सतत त्वचेला लागत राहिलं तर प्राण्यांवरच्या प्रयोगात त्वचेचा कर्करोग झालेला आढळला आहे, आणि तेलाच्या डब्यावरच तशी सूचना छापलेली असते. वर्षातून चार वेळा करणाऱ्याने घाबरून जायला नको, पण नायट्राइलचे हातमोजे घाला, तेलाचं फडकं पँटच्या खिशात कोंबू नका, हात साबणाने धुवा, पेट्रोलने नव्हे. ते कपडे बाळाच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका. आणि टब म्हणून घरातली जुनी परात नेणार असाल, तर ती पुन्हा स्वयंपाकघरात येणार नाही, याची खात्री घरात आधी पटवून द्यावी लागेल.

काढलेल्या तेलाचं काय करायचं, हा भाग बहुतेकजण टाळतात. ते कचऱ्यात नाही, गवतावर नाही, आणि रस्त्याच्या कडेच्या जाळीत तर नाहीच. त्या जाळ्यांतलं पाणी शुद्ध होऊन जात नाही. आपल्या गावाच्या उत्तरेकडचं मिलस्टोन नदीत आणि दक्षिणेकडचं असनपिंकमध्ये उतरतं. मिलस्टोन पुढे कार्नेगी लेकमधून रॅरिटनला मिळते, आणि तिथून मध्य जर्सीच्या कितीतरी घरांना पिण्याचं पाणी जातं. एका वेळी बदललेलं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं, असं ईपीए सांगते. तेल निथळलं की नव्या तेलाच्याच रिकाम्या कॅनमध्ये नरसाळ्याने भरा. दुधाचा किंवा ब्लीचचा डबा नको. त्यात अँटिफ्रीझ किंवा पेट्रोल मिसळू नका, मिसळलेलं तेल कोणी घेत नाही. न्यू जर्सीत ज्या सर्व्हिस स्टेशनात वापरलेल्या तेलाची टाकी आहे, त्यांनी घरी तेल बदलणाऱ्याकडून पाच गॅलनपर्यंत तेल घ्यावं असा राज्याचा नियम आहे. गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या मोठ्या दुकानांतही बहुधा फुकट घेतात, आधी फोन करावा. शिवाय मर्सर काउंटी वर्षातले काही दिवस लॉरेन्सच्या डेम्पस्टर फायर स्कूलमध्ये घातक कचरा गोळा करते, तिथे तेल देता येतं; रहिवासाचा पुरावा न्यावा. प्लेन्सबरोच्या मंडळींनी लक्षात ठेवावं: आपली शाळा एक असली तरी काउंटी दोन आहेत, तुम्हाला मिडलसेक्सच्या तारखा बघाव्या लागतील. ड्राइव्हवेवर सांडलं तर पाण्याचा पाईप लावू नका. मांजरांसाठी मिळणारी मातीची लिटर पसरून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून घ्या.

टाउनहाऊस आणि अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी असोसिएशनचे नियम आधी वाचावेत. पार्किंगच्या जागेत गाडीचं काम करायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते आणि दंडाची चिठ्ठी आली तर वर्षाची बचत त्यात जाते. पाठीचं दुखणं असलेल्यांनीही गाडीखाली सरपटू नये. त्यांनी दुकानातच जावं, पण परतल्यावर पट्टी स्वतः बघावी आणि खाली थेंब पडतोय का, हे दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावं.

मी हे काम वर्षातून दोनदा ठरलेल्या वेळी करतो: एकदा मे महिन्यात आणि एकदा थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, म्हणजे थंडीला ताजं तेल मिळतं आणि डिसेंबरात बर्फावर पाठ टेकावी लागत नाही. कोणाला पहिल्या वेळी सोबत हवी असेल, तर त्या शनिवारी सकाळी दहाला जुने कपडे घालून, गाडीची पुस्तिका बरोबर घेऊन यावं. ओटांची जोडी माझ्याकडे आहे, चहा घरातून मिळेल.